धुळामामांचा आकडा

मित्रांनो, दवाखान्यात दंडाला कापडी पट्टा गुंडाळतात, रबरी फुगा फुसफुस दाबतात आणि काचेच्या नळीत पारा सरसर वर चढतो, ते तुम्ही कधी पाहिलंय का? कदाचित नसेल. आता आकडे आपोआप दाखवणारी छोटी यंत्रं आली आहेत. मी त्यांच्या आधीचा, पाऱ्यावर चालणारा रक्तदाबमापक. लोक मला साधं 'बीपीचं मशीन' म्हणतात. माझ्या लोखंडी पेटीचा राखाडी रंग कोपऱ्यांवर उडाला आहे आणि झाकण उघडताना बिजागरी कुरकुरते. पण माझा पारा अजून खरं तेच सांगतो. माझ्या आयुष्यात मला अभिमान वाटावा अशी तेवढी एकच गोष्ट आहे, आणि एका माणसाचा जीव त्या गोष्टीवर अवलंबून होता.

माझा जन्म एका छोट्या कारखान्यात झाला. एका कारागिराने माझ्या काचेवर शून्यापासून तीनशेपर्यंत बारीक रेघा आखल्या. दुसऱ्याने पारा भरला. शेवटी एका बाईंनी मला टेबलावर ठेवून चार वेळा तपासलं, आणि चारही वेळा माझा पारा बरोबर शून्यावर येऊन थांबला. "हा काटेकोर आहे," असं म्हणून त्यांनी माझ्या पाठीवर खडूने खूण केली. तेवढंच माझं पहिलं कौतुक.

तिथून मी सांगलीला आलो, डॉक्टर राजेश्वरीबाईंच्या दवाखान्यात. बावीस वर्षं मी त्यांच्या टेबलावर उजव्या हाताला बसलो. दिवसाला तीस-चाळीस दंड माझ्या पट्ट्यात येऊन जात. शिक्षक येत, हळदीचे व्यापारी येत, शिवणकाम करणाऱ्या बायका येत. त्यातले निम्मेअधिक दर महिन्याला येणारे. कुणाला रक्तदाब, कुणाला साखर, कुणाला दोन्ही. आपला आकडा त्यांना आपल्या वाढदिवसासारखा पाठ असे.

एसटीच्या स्थानकावर नियंत्रक असलेले धैर्यशील नावाचे गृहस्थ मला चांगले आठवतात. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी ते यायचे. पारा एकशे अडतीसवर थांबला की खूश. एकशे शेहेचाळीसवर थांबला की स्वतःच कबुली द्यायचे, "बाई, परवा भडंग जरा जास्त झालं."

"भडंगाला कशाला दोष देता? चालायला जाता का, ते सांगा," असं डॉक्टरबाई म्हणायच्या.

धैर्यशीलरावांना अठरा वर्षं रक्तदाब होता. तरी ते नोकरी पुरी करून, धडधाकट पायांनी निवृत्त झाले आणि पेढे घेऊन आले. अशी माणसं रोज बघून माझी एक समजूत झाली. मला वाटायचं, हा आजार शहराचा आहे. खुर्चीत बसणाऱ्यांचा, तेलकट खाणाऱ्यांचा, घड्याळाकडे बघत धावणाऱ्यांचा. खेड्यातलं माणूस माझ्यासमोर क्वचितच येई, म्हणजे खेड्यात हा आजार नसणार. मित्रांनो, मी एवढा काटेकोर, पण हा हिशेब मात्र मी साफ चुकवला होता. ते मला फार उशिरा कळलं.

पुढे दवाखान्यात नवं यंत्र आलं. बटण दाबलं की ते स्वतःच फुगायचं आणि आकडे दाखवायचं. शिवाय माझ्या पोटातला पारा विषारी. नळी फुटली तर धोका. म्हणून डॉक्टरबाईंनी मला पुसून, झाकण लावून कपाटात ठेवलं. चार वर्षं मी जुन्या मासिकांच्या गठ्ठ्याखाली पडून होतो. माझा पट्टा कडक झाला, फुग्याला भेगा पडल्या. बाहेर रोग्यांचा आवाज यायचा आणि आपली आता कुणाला गरज नाही, हे मनाला लागायचं.

त्या कपाटातून मी बाहेर आलो तो पल्लवीमुळे. पल्लवी माण तालुक्यातली, मेंढपाळांच्या घरातली मुलगी. सांगलीत राहून ती नर्सिंग शिकली, आणि शिकत असताना संध्याकाळी आमच्या दवाखान्यात काम करायची. तिला तिच्याच तालुक्यात, दहिवडीच्या पलीकडच्या एका वाडीवर आरोग्य उपकेंद्रात नेमणूक मिळाली. निरोप घ्यायला आली तेव्हा ती डॉक्टरबाईंना म्हणाली, "मॅडम, सगळं आहे तिथं. फक्त बीपीचं मशीन बंद पडलंय. नवीन यायला काही महिने लागतील म्हणतात."

डॉक्टरबाई उठल्या आणि त्यांनी कपाट उघडलं. मला नवा पट्टा बसवला, नवा फुगा जोडला, पारा तपासून घेतला. "घेऊन जा. मात्र सांभाळून ने. नळी फुटली तर पाऱ्याला हात लावायचा नाही," एवढं बजावून त्यांनी मला पल्लवीच्या हाती दिलं.

वाडीवर पोचलो तेव्हा उन्हाने माळ पांढरा पडला होता. उपकेंद्र म्हणजे दोन खोल्या आणि पुढे ओटा. पल्लवीने मला टेबलावर मांडलं आणि आम्ही दोघं वाट बघत बसलो. गुडघेदुखीचं मलम मागायला लोक आले. लेकरांच्या लसी झाल्या. पण दंड पुढे करायला कुणी तयार होईना.

"आमाला कशाला ते? ह्यो शेरातला रोग," वाडीतले जुने जाणते भाऊसो ओट्यावर बसून म्हणाले. "आमी भाकरी खातोय, रानात राबतोय."

मी मनात म्हटलं, बरोबर आहे यांचं. आपण इथे उगाच आलो.

पल्लवीला मात्र ते पटत नव्हतं. तिने मला पिशवीत घातलं आणि घरोघर निघाली. पहिलं घर लागलं ते बिरदेवाचं. पन्नाशीचा माणूस, दारात खाटेवर बसलेला. उजवा हात मांडीवर निर्जीव पडलेला, तोंड एका बाजूला ओढलेलं. दोन वर्षांपूर्वी पाण्याच्या टाकीजवळ तो कोसळला होता. अंगावरून वारं गेलं, असं सगळे म्हणत. पल्लवीने त्याच्या डाव्या दंडाला माझा पट्टा बांधला. पारा एकशे चौऱ्याण्णववर येऊन ठोके देऊ लागला.

"ह्यांचं बीपी कवा तपासलं हुतं का, ह्ये व्हायच्या आधी?" तिने विचारलं.

"आधी कशाला तपासतील?" बिरदेवाची बायको म्हणाली. "चांगलं हिंडतं फिरतं मानूस हुतं."

मित्रांनो, त्या क्षणी मला सांगलीच्या कपाटातली चार वर्षं आठवली. मी तिथे रिकामा पडून होतो, आणि इथे या माणसाच्या दंडाला कधी पट्टा लागलाच नव्हता.

त्या आठवड्यात पल्लवीने चाळीस जणांना तपासलं. अकरा जणांचा आकडा जास्त निघाला. त्या अकरा जणांत आपल्याला रक्तदाब आहे हे ठाऊक असलेला एकच माणूस होता. सांगलीत अकरांपैकी आठ-नऊ जणांना ते ठाऊक असायचं. माझी जुनी समजूत तिथेच गळून पडली. शहरात हा आजार भरपूर होता, पण लोक त्याला ओळखत होते आणि त्याच्यासोबत जगत होते. इथे तो गुपचूप बसून राही आणि एकदम माणूसच पाडी. भाकरीबरोबरच्या खरड्यात मूठभर मीठ होतं, गालात तंबाखू होती आणि पाण्याची, चाऱ्याची काळजी शहराच्या घड्याळाइतकीच टोचणारी होती. फक्त मोजणारं कुणी नव्हतं.

अकरा जणांत सर्वांत वरचा आकडा होता धुळामामांचा.

धुळामामा बिरदेवाचे थोरले भाऊ. छप्पन वर्षांचे, सडपातळ, वेताच्या काठीसारखे. दोनशे मेंढरं, दोन घोडी आणि तीन कुत्री हा त्यांचा संसार. दिवाळी झाली की बायको अंजनामामींना घेऊन ते कृष्णाकाठाकडे उतरत आणि पावसाळ्याच्या तोंडावर परत येत. दिवसाला दहा-बारा कोस चालणारा माणूस.

"मला कुठनं यील बीपी?" ते हसत म्हणाले.

"मामा, हात तर द्या. सुई टोचत न्हाई मी."

त्यांनी हात दिला. पारा चढला आणि उतरताना दोनशे चौदावर धडधडू लागला. खालचा आकडा एकशे बावीस.  पल्लवीने त्यांना दहा मिनिटं शांत बसवलं आणि पुन्हा बघितलं. दोनशे दहा.

"तुजं मशीन म्हातारं झालंय, पोरी," धुळामामा म्हणाले.

"सांगलीवाल्यांनी भंगार धाडलंय आपल्याकडं," भाऊसोंनी भर घातली. जमलेली माणसं हसली.

पल्लवीने पट्टा स्वतःच्या दंडाला बांधला. एकशे बारा. मग अंजनामामींचा हात घेतला. एकशे सव्वीस. "मशीन माझं बरोबर सांगतंय, मामींचं बरोबर सांगतंय. मग तुमचंच तेवढं कसं चुकंल?" तिने विचारलं.  दुसऱ्या दिवशी मामींच्या आग्रहाखातर धुळामामा दहिवडीला गेले. तिथल्या डॉक्टरांनी त्यांच्या यंत्रावर बघितलं तर तोच आकडा. माझा मान राहिला. पण कुणाचा तरी जीव धोक्यात आहे हे खरं ठरल्यावर कसला आनंद होणार?

गोळ्या सुरू झाल्या. पंधरा दिवसांत पारा एकशे पन्नासला आला. वर्षानुवर्षांची डोकेदुखी थांबली. "बरं झालं की," धुळामामा म्हणाले. पल्लवीने पुनःपुन्हा समजावलं की ही गोळी रोज घ्यायची, बरं वाटलं तरी घ्यायची. त्यांनी मान डोलावली. दिवाळीनंतर दोन महिन्यांच्या गोळ्यांचं पुडकं अंजनामामींच्या हाती देऊन पल्लवीने त्यांना निरोप दिला. घोड्यांवर बिऱ्हाड लादून, मेंढरं हाकत ती दोघं पश्चिमेला उतरली.

संक्रांत झाली आणि एका रविवारी सकाळी पल्लवीचा फोन वाजला. पलीकडे अंजनामामी होत्या.

"पल्लू, ह्यांनी गोळ्या सोडल्यात गं. मला म्हन्त्यात घेतली, आन् पुडकं बघितलं तर तसंच. आज उठल्यावर हातातली काठी पडली. उचलाय गेलं तर बोटंच मिटंनात. झोपंत हात दबला आसंल, आता बरं हाय म्हन्त्यात. पर मला काय लक्षान बरं दिसंना."

पल्लवी ताडकन उभी राहिली. "मामी, त्यास्नी आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्या. एकशे आठची गाडी बोलवा."

"मी बोलिवली तर बसायचं न्हाईत. मेंढरं सोडून हालायचं न्हाईत ते."

"तुमी कुठं हायसा?"

"रहिमतपूरच्या अलीकडं. सुभेदाराच्या रानात. त्यांचं तेवढं ऐकत्यात ह्ये."

"मग आधी सुभेदारास्नी बोलवा. मी निघाले."

तिने मला शालीत गुंडाळून पिशवीत घातलं, पिशवी स्कूटीवर दोन पायांच्या मध्ये धरली आणि निघाली. पुसेगाव मागे पडलं, कोरेगाव आलं. रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांची रांग होती. प्रत्येक खड्ड्याला माझा पारा हिंदकळत होता, आणि माझ्या मनात एकच भीती होती. आपण पोचेपर्यंत उशीर तर होणार नाही?

तोडलेल्या उसाच्या मोकळ्या रानात मेंढरं बसली होती. धुळामामा एका कोकराचं खूर साफ करत होते. डाव्या हाताने. ते उजव्या हाताचे आहेत, हे मला ठाऊक होतं.

"आला का म्हातारा?" पिशवीतून मला निघताना बघून ते म्हणाले. त्यांचा शब्द जरासा जड येत होता.

पल्लवीने पट्टा बांधला. माझा पारा दोनशे बावीसवर धडधडला. तिचा चेहरा उतरला. "मामा, आत्ता दवाखान्यात जायचं. हात बधिर झाला हुता तो दबून न्हाई. तुमच्या डोक्याला रक्त पोचत नव्हतं. असं पुन्यांदा होईल आणि मग हात परत येणार न्हाई."

"अगं, येतो म्हणलं की. चार दिसानं येतो. उसात बिबट्या फिरतोय. परवा शेजारच्या तळावरचं बकरू नेलं. ही एकटी काय काय बघंल?"

पल्लवीचे डोळे भरून आले, रागाने आणि भीतीने. तेवढ्यात बांधावरून रानाचे मालक आले. कृष्णात त्यांचं नाव. बासष्ट वर्षांचे, ताठ पाठीचे. सैन्यातून सुभेदार होऊन निवृत्त झालेले. मेंढरं रानात बसली की लेंडीखत मिळतं, म्हणून दरसाल ते धुळामामांना बोलावून घेत. मामींचा निरोप मिळताच ते घाईने आले होते.

त्यांनी आधी माझ्याकडे बघितलं. "आरं, असलं मशीन आमच्या पलटणीच्या दवाखान्यात हुतं. ह्ये चुकत न्हाई. किती दाखवतंय?"

पल्लवीने आकडा सांगितला. सुभेदार खाली, ढेकळातच बसले. शर्टाच्या खिशातून त्यांनी गोळ्यांची एक पट्टी काढली आणि धुळामामांपुढे धरली. निम्म्या गोळ्या संपलेल्या होत्या.

"ही काय?" धुळामामांनी विचारलं.

"बीपीची. पंधरा वर्सं झाली, रोज घेतोय."

"तुमी?" धुळामामांना खरं वाटेना. "आवं सुभेदार, तुमी तर रोज पहाटं पाच मैल चालताय."

"चालतोय म्हणून काय झालं? मला बी काय कळलं नव्हतं. पलटणीत दरसाल तपासायचे, म्हणून घावलं. नसतं तपासलं तर मी बी म्हणलो असतो, मला कुठनं यील. तुला नि मला रोग एकच हाय, गड्या. माझा कार्डावर लिवलाय, तुजा कुणी लिवला न्हाई. एवढाच फरक." मग ते पल्लवीकडे वळले. "ह्यातली एक देऊ का त्याला?"

"नको आबा," पल्लवी म्हणाली. "दुसऱ्याची गोळी द्यायची न्हाई. आणि घाईनं उतरवायचं बी नसतं. डॉक्टरच ठरवतील."

 कोकरू धुळामामांच्या मांडीवरून उठून आईकडे गेलं. त्यांनी बायकोकडे बघितलं.

"अंजने, बिरदेवाचं असंच झालतं का?"

 "असंच," अंजनामामी म्हणाल्या. "पडायच्या आदल्या दिशी हातातनं तांब्या सुटला हुता. तुमीच त्याला म्हणला हुता, झोपंत हात दबला आसंल."

मित्रांनो, माझ्या पाऱ्याने जे दोनदा सांगून पटलं नव्हतं, ते या एका वाक्याने पटलं. धुळामामांनी हात जमिनीवर टेकला आणि ते उठून उभे राहिले. "चला," एवढंच म्हणाले.

"आन् मेंढरं?" मामींनी विचारलं.

"मेंढरं मी राखतो," सुभेदार म्हणाले. "अठ्ठावीस वर्सं सरहद्द राखली. दोनशे मेंढरं राखाय काय लागतंय?"

सुभेदारांचे धाकटे भाऊ जोतीराम जीप घेऊन आले. मामींना बरोबर जायचं होतं, पण कुत्री आणि मेंढरं त्यांचाच आवाज ओळखत होती. त्या थांबल्या. जीप वळणावर दिसेनाशी होईपर्यंत त्या बांधावर उभ्या होत्या.

साताऱ्यातल्या दवाखान्यात धुळामामांना लगेच आत घेतलं. मी पल्लवीच्या पिशवीत, बाहेरच्या बाकावर. आत काय चाललंय ते मला कळत नव्हतं. माझ्यासारख्या कितीतरी यंत्रांच्या आवाजातून मी फक्त पल्लवीच्या पायांची येरझार मोजत होतो. दीड तासाने डॉक्टर बाहेर आले. डोक्याचा फोटो काढला होता. एका बारीक रक्तवाहिनीत अडथळा येऊन गेला होता. मोठी इजा झालेली नव्हती. हाताची ताकद परत येईल, बोलणंही स्वच्छ होईल.

"आज आणलंत ते बरं केलंत," डॉक्टर म्हणाले. "असा इशारा मिळाल्यावर पहिले काही दिवस फार धोक्याचे असतात."

पल्लवी माझ्याशेजारी बाकावर बसली आणि सकाळपासून पहिल्यांदा रडली. मग तिने पदराने डोळे पुसले, चहा घेतला आणि मामींना फोन लावला.  पलीकडून मामींचा दीर्घ श्वास ऐकू आला. "बरं झालं बाय," त्या म्हणाल्या.

थोड्या वेळाने जोतीरामांचाही फोन वाजला. सुभेदारांचा होता. जोतीरामांनी ऐकलं, कपाळाला हात लावला आणि हसू लागले. "काय झालं?" पल्लवीने घाबरून विचारलं.

"काय न्हाई. दादानं मेंढरं राखली, पर बांध राखला न्हाई. माझा अर्धा हरभरा चारला त्यांनी."

आत खाटेवर पडलेल्या धुळामामांना ते सांगितलं, तेव्हा त्यांनाही हसू आलं. तोंड सरळच हसत होतं. एका बाजूला ओढलं जात नव्हतं. पल्लवी ते निरखून बघत होती, आणि पिशवीच्या उघड्या तोंडातून मीही.

पाच दिवसांनी ते तळावर परतले. या वेळी पल्लवीने नुसतं समजावलं नाही. गोळ्यांचं पुडकं तिने अंजनामामींच्या चहापत्तीच्या डब्यात ठेवायला लावलं, म्हणजे पुडकं हाताला लागल्याशिवाय चहा होणारच नाही. एका जाड कार्डावर तिने तारीख आणि आकडा लिहायला चौकटी आखल्या. वाटेत जिथे जिथे तळ पडणार होते, तिथल्या उपकेंद्रातल्या नर्सबाईंचे फोन नंबर मोठ्या अक्षरांत लिहून दिले. कार्ड धुळामामांनी फेट्याच्या घडीत खोचलं. सातारारोडला, वाठारला, लोणंदला, जिथे मेंढरं थांबली तिथे त्यांनी दंड पुढे केला. कुठे माझ्यासारखा पाऱ्याचा भाऊ होता, कुठे नवं यंत्र होतं. मेंढरं चालत राहिली आणि आकडाही त्यांच्याबरोबर चालत राहिला.

ज्येष्ठ महिन्यात ती दोघं वाडीवर आली. धुळामामा सरळ उपकेंद्राच्या ओट्यावर चढले आणि बाही वर करून माझ्यासमोर बसले. मला थोडी धाकधूक होती. पारा चढला, हळूहळू उतरू लागला. दोनशे मागे पडले. एकशे ऐंशी. एकशे साठ. तरी ठोका नाही. एकशे छत्तीसवर पाऱ्याने पहिला ठोका दिला. पल्लवीने कानातला स्टेथोस्कोप काढला आणि ती नुसती हसली.

"किती?" मामींनी विचारलं.

"सांगलीच्या लोकांगत," पल्लवी म्हणाली.

एवढ्या वर्षांत हजारो आकडे दाखवले, पण तो आकडा दाखवताना जितकं हलकं वाटलं तितकं कधी वाटलं नव्हतं. धुळामामा मात्र उठले नाहीत. ते ओट्यावरच बसून राहिले आणि समोरून जाणाऱ्या भाऊसोंना त्यांनी हाक मारली.

"भाऊसो, या की. हात दाखवा म्हाताऱ्याला."

"मला काय धाड भरलीय?"

"मला बी काय भरली नव्हती," धुळामामा शांतपणे म्हणाले आणि सरकून त्यांनी जागा करून दिली. भाऊसोंनी इकडेतिकडे बघितलं आणि ते येऊन बसले. त्यांचा आकडा एकशे अठ्ठ्याहत्तर निघाला. भंगाराची गोष्ट कुणी काढली नाही. मीही मनात ठेवली नाही. त्यांची गोळी दुसऱ्याच आठवड्यात सुरू झाली.

त्या दिवसापासून ओट्यावर दंड पुढे करायला माणसं येऊ लागली. बिरदेवाचीही गोळी आता चुकत नाही. त्याचा हात परत आला नाही, येणारही नाही. पण दुसरा झटका आला नाही, आणि डाव्या हाताने तो लोकर पिंजायला शिकला आहे.

आता उपकेंद्रात नवं यंत्र आलं आहे. माझा पारा कुणाला बाधू नये म्हणून मला लवकरच जिल्ह्याला जमा करतील. तिथे माझी नळी काळजीपूर्वक रिकामी होईल. मला त्याचं वाईट वाटत नाही. नव्या यंत्राने खरं सांगितलं आणि माणसांनी ते ऐकलं, की माझं काम चालूच राहिलं.

मित्रांनो, यंत्रांना जपा, पण माणसांना आधी जपा. हा आजार शहर ओळखत नाही आणि खेडंही ओळखत नाही. तो दुखत नाही, खुपत नाही, म्हणून त्याला शोधावं लागतं. तुम्ही सांगलीत राहत असाल किंवा माणच्या माळावर, आज घरी गेल्यावर आजीला, आजोबांना, आईवडिलांना एवढंच विचारा, "तुमचा आकडा किती?" त्यांनी लगेच सांगितला तर छान. आणि ते हसून विषय बदलू लागले, तर त्यांचा हात धरा आणि जवळच्या दवाखान्यात घेऊन जा. त्यांचा हात अजून तुमचा हात घट्ट धरू शकतो, तोवरच.